‘हो’ म्हणावं, पण कळून!

(लेक, सून किंवा नातवंडं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात असलेल्या मैत्रिणींसाठी : होकाराचे, रुकाराचे आणि कौतुकाचे रोजचे शब्द)

माझी धाकटी लेक नोकरीच्या निमित्तानं स्पेनला गेली, तिथंच रमली, तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मागच्या वर्षी तिच्या बाळंतपणासाठी म्हणून मी व्हॅलेन्सियाला जाऊन अडीच महिने राहून आले. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, वावडिंग सगळं आठवणीनं भरलं होतं. एकच गोष्ट भरायची राहिली. तिथली भाषा!

जाताना लेक फोनवर म्हणाली होती, “आई, तू काही काळजी करू नकोस. ‘सी’ म्हणजे हो आणि ‘नो’ म्हणजे नाही. एवढ्यावर भागतं.” मी त्यातलं ‘सी’ तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. ‘नो’ची मला सवय नव्हती. आपल्यापैकी किती जणींना असते?

पहिले पंधरा दिवस ‘सी’वर खरंच भागलं. विहीणबाई रोज संध्याकाळी येत. मोठ्या प्रेमळ बाई. हातात कधी संत्री, कधी घरी केलेलं सूप. भरभर काहीतरी बोलत आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारत, “बाले?” मी हसून मान डोलवत म्हणे, “सी, सी, बाले!” त्याही हसत. मला वाटे, चला, छान जमलं आपलं.

सोळाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा लेक नुकतीच झोपली होती. विहीणबाईंनी पर्समधून एक चिमुकली डबी काढली. आत मोत्याची इवलीशी कुडी. ती त्यांनी बाळीच्या कानाजवळ धरून दाखवली, घड्याळाकडे बोट केलं, पुष्कळ काही सांगितलं आणि विचारलं, “बाले?” मला वाटलं, नातीसाठी केलेला दागिना दाखवताहेत. कौतुकानं म्हटलं, “सी, सी! बाले, बाले!”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला विहीणबाई दारात हजर. नातीचे कान टोचून आणायला! स्पेनमध्ये लहान मुलींचे कान टोचण्याची पद्धत आपल्यासारखीच घरोघरी आहे. औषधांच्या दुकानात किंवा परिचारिकेकडून टोचून घेतात. त्यांनी वेळसुद्धा ठरवून ठेवली होती.

लेकीचा चेहरा उतरला. पहिल्या लसी होईपर्यंत कान टोचायचे नाहीत, हे तिनं आणि जावयानं आधीच ठरवलं होतं. ती विहीणबाईंना म्हणाली, “मला विचारलं का नाही?” त्या गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुझ्या आईला विचारलं की. त्या हो म्हणाल्या.”

लेक माझ्याकडे वळली. “आई, तू हो म्हणालीस?”

मैत्रिणींनो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं. आणि मला तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. थोरलीच्या वेळी मी माहेरी बाळंतीण होऊन पडले होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई आल्या होत्या. माझ्या नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलं आणि माझी आई चटकन म्हणाली, “हो, हो, सोडेल ना ती.” आईच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, एवढंच. मी आत जागी होते. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. नोकरी सुटली ती सुटलीच. आज माझ्या लेकीच्या घरी बसून मी तेच केलं होतं. तेही एका अक्षराचा अर्थ न कळता!

कान त्या दिवशी टोचले गेले नाहीत. विहीणबाई जरा हिरमुसल्या होऊन परत गेल्या. मी मात्र संध्याकाळी जावयासमोर कोरी वही ठेवली आणि म्हटलं, “मला नीट शिकवा.”

वहीतले चार रकाने

जावई इंग्रजीतून सांगे, लेक मराठीतून समजावी. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. आपण ‘हो’ म्हणतो ते एकाच अर्थानं नाही. ‘हं’ म्हणजे ऐकतेय. ‘बरोबर’ म्हणजे पटलं. ‘चालेल’ म्हणजे कबूल. आणि ‘छान!’ म्हणजे आवडलं. मराठीत हे आपण जन्मापासून बोलतो म्हणून त्यात कधी चूक होत नाही. परक्या भाषेत मात्र आपण सगळ्याला एकच ‘हो’ लावतो आणि तिथंच फसतो. म्हणून मी वहीत चार रकाने आखले : ऐकलं, पटलं, कबूल, आवडलं. शब्द ऐकला की आधी विचारायचं, हा कोणत्या रकान्यातला?

रकाना पहिला : ऐकलं

‘या’ या शब्दाचा खरा अर्थ ‘आत्ता’ किंवा ‘आधीच’. पण समोरचा बोलत असताना मधूनमधून ‘या’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘हं, कळलं’. त्यात संमती नाही, नुसतं कान दिल्याची पावती आहे. दोनदा म्हटलं, ‘या, या’, आणि सूर जरा वाकडा लावला, की आपल्या ‘हो हो, माहितीये!’सारखं होतं. सांभाळून वापरावं.

‘बुएनो’ म्हणजे चांगलं. पण वाक्याच्या सुरुवातीला येतो तेव्हा तो थेट आपला ‘बरं’ आहे. बघा ना, आपल्या ‘बरं’चाही मूळ अर्थ चांगलं, आणि आपणही ‘बरं, मग काय ठरलं?’ असं म्हणतोच की! आणि ‘बरं…’ लांबवलं की जशी नाराजी किंवा ‘बघू’ असा अर्थ निघतो, तसाच लांबवलेल्या ‘बुएनो…’तून निघतो. मेक्सिकोत फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या जागी ‘बुएनो?’ म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली.

‘बेंगा’ म्हणजे शब्दशः ‘या’, येण्यातलं. पण स्पेनमध्ये तो आपल्या ‘चला’सारखा चालतो. फोन ठेवताना विहीणबाई म्हणत, ‘बेंगा, बाले, आस्ता लुएगो.’ मी म्हणते, ‘चल, बरं, ठेवते मग.’ दोघींचं एकच!

रकाना दुसरा : पटलं

‘क्लारो’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. उत्तरात आला की ‘अर्थातच’. ‘क्लारो के सी’ म्हणजे ‘अर्थातच हो’.

‘एसो एस’ म्हणजे ‘तेच ते’. आपलं म्हणणं समोरच्यानं नेमकं पकडलं की म्हणायचं.

‘आसी एस’ म्हणजे ‘असंच आहे’. हा शब्द मला सर्वांत आधी पाठ झाला. आसी आणि असं! नातं काही नाही, नुसता योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

‘एक्साक्तो’ म्हणजे ‘अगदी बरोबर’.

‘तिएने राथोन’ म्हणजे ‘तुमचं बरोबर आहे’. हे मोठ्यांना, परक्यांना. जवळच्या माणसाला ‘तिएनेस राथोन’, म्हणजे ‘तुझं बरोबर आहे’. आपल्या तू-तुम्हीसारखंच त्यांच्यात ‘तू’ आणि ‘उस्तेद’ आहे. आणि ‘तू’ तर उच्चारानंही ‘तू’च! इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द असल्यानं आपली जी पंचाईत होते, ती इथं होत नाही. स्पेनमध्ये मात्र पाहुणे चटकन ‘तू’वर येतात. विहीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ‘तू’ केलं, तेव्हा मी मनातून जरा चमकले होते. तो अपमान नव्हे, घरचं मानल्याची खूण, हे मागाहून कळलं.

रकाना तिसरा : कबूल

हा रकाना सर्वांत जपून वापरायचा.

‘बाले’ हा स्पेनमधला दिवसातून शंभर वेळा ऐकू येणारा शब्द. मूळ क्रियापदाचा अर्थ किंमत असणं, मोल असणं. दुकानात ‘कुआन्तो बाले?’ म्हटलं तर ‘याची किंमत किती?’ असा अर्थ. पण एकटा ‘बाले’ म्हणजे आपलं ‘चालेल’, ‘ठीक आहे’. प्रश्नासारखा आला तर ‘चालेल ना?’ आणि उत्तरात आला तर ‘चालेल’. म्हणजे मी ज्याला नुसतं हसून ‘सी, सी, बाले’ म्हणत होते, ते दर वेळी ‘होय, चालेल, ठरलं’ होतं. विहीणबाईंची त्यात काय चूक?

‘दे आकुएर्दो’ म्हणजे ‘मान्य’. हा जरा भारदस्त. ‘मी सहमत आहे’ म्हणायचं तर ‘एस्तोय दे आकुएर्दो’. इथं शिकणाऱ्या पुष्कळ जणी ‘सोय दे आकुएर्दो’ म्हणतात, ते चूक. ‘सोय’ आणि ‘एस्तोय’ दोन्हींचा अर्थ ‘मी आहे’, पण सहमतीला ‘एस्तोय’च लागतं. व्हॅलेन्सियात स्पॅनिशबरोबर त्यांची स्वतःची व्हॅलेन्सियन भाषाही बोलतात. त्यात हाच शब्द ‘दाकोर्द’ असा ऐकू येतो.

‘पोर सुपुएस्तो’ म्हणजे ‘ते तर गृहीतच’. कोणी परवानगी मागितली तर आनंदानं द्यायला हा शब्द.

‘कोमो नो!’ म्हणजे शब्दशः ‘कसं नाही!’ आपलं ‘का नाही? जरूर!’

‘एचो’ म्हणजे ‘झालं!’ सौदा पक्का झाला की ‘त्रातो एचो’, ठरलं एकदाचं.

‘मे पारेथे बिएन’ हे माझं सर्वांत आवडतं. ‘मे’ म्हणजे मला, ‘पारेथे’ म्हणजे वाटतं, ‘बिएन’ म्हणजे बरं. ‘मला बरं वाटतं, मला पसंत आहे.’ यात ‘मला’ आहे बघा. ‘चालेल’मध्ये कोणाला चालेल हे कळत नाही. इथं मात्र विचार करून, स्वतःच्या नावानं दिलेला होकार आहे.

रकाना चौथा : आवडलं

इथं मराठी बायकांना फार सोपं जातं. इंग्रजीत ‘मी आंबा आवडते’ अशा धर्तीचं वाक्य करावं लागतं. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. अनेक आंबे असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. आवडणारी वस्तू बदलली की क्रियापद बदलतं, अगदी आपल्यासारखं. फार आवडलं तर ‘मे एन्कान्ता’. ‘मलाही’ म्हणायचं तर ‘आ मी ताम्बिएन’, आणि ‘मलाही नाही’ म्हणायचं तर ‘आ मी ताम्पोको’.

जेवणाचं कौतुक : ‘के रीको!’ म्हणजे काय चविष्ट! ‘एस्ता बुएनीसिमो’ म्हणजे फारच छान झालंय. आणि ‘पारा चुपार्से लोस देदोस’ म्हणजे ‘बोटं चाटत राहावीत असं’! ही म्हण त्यांच्याकडेही आहे, हे कळल्यावर मी विहीणबाईंच्या भाताला ती लगेच वापरून टाकली. व्हॅलेन्सिया हा भाताचा मुलूख. पाएया तिथलीच. कोकणातल्या माणसाला तिथं उपरं वाटत नाही.

बाळाचं कौतुक : ‘के बोनीता’, ‘के ग्वापा’ म्हणजे किती गोड, किती सुरेख. ‘के मोना’ हेही म्हणतात. मी कोशात ‘मोना’ पाहिलं तर ‘माकडीण’! मी थक्क. पण त्याचा दुसरा अर्थ गोंडस असा आहे. आपण नाही का लाडानं नातवाला ‘माकडा’ म्हणत!

शाबासकी : ‘मुइ बिएन’ म्हणजे फार छान. ‘आसी से आसे’… थांबा, हा अमेरिकेकडचा उच्चार झाला. स्पेनमध्ये ‘आसी से आथे’, म्हणजे ‘असंच करायचं असतं, शाबास!’ ‘एस्तुपेन्दो’ आणि ‘खेनियाल’ म्हणजे झकास. तरुण मुलं ‘ग्वाय’ म्हणतात. आपण म्हटलं तर ती हसतात, पण प्रेमानं. ‘ओले’ फक्त बैलांच्या झुंजीतच म्हणतात असं मला वाटे. तसं नाही. नाचगाण्यालाही म्हणतात आणि बाळानं ढेकर दिली तरी म्हणतात.

अभिनंदन : ‘एनोराबुएना’. शब्द फोडला तर ‘शुभ घटकेला’. बारशाला, लग्नाला, परीक्षेच्या निकालाला हमखास चालतो.

एक धोक्याची सूचना

‘एस्ता’ आणि ‘एस’ या दोन्हींचा अर्थ ‘आहे’. पदार्थाला ‘एस्ता बुएना’ म्हटलं तर ‘चवदार झाली आहे’. पण बाईमाणसाला तेच म्हटलं तर चारचौघांत शिट्टी मारल्यासारखं होतं! स्वभावानं चांगली म्हणायचं तर ‘एस बुएना’. मी जावयापुढे त्याच्याच आईचं कौतुक करताना नेमका चुकीचा शब्द वापरला. बिचारा लाल झाला आणि पाणी प्यायला आत निघून गेला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट, आपली मान. आपण होकारासाठी मान दोन्ही खांद्यांकडे डोलवतो. तिथं होकाराची मान वर-खाली आणि नकाराची आडवी. आपल्या डोलवण्याचा त्यांना काही अर्थच लागत नाही. भाजीवाला दोनदा विचारी, हवंय की नको? तेव्हा मान आवरा आणि तोंडानं बोला.

आणि होकार लांबवायचे शब्द

शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, “आई, हो म्हणायला खूप शिकलीस. आता थांबायला शीक.” तिनं वहीच्या शेवटच्या पानावर चार वाक्यं लिहून दिली. ती मी आधी शिकले असते तर कानांची भानगड झालीच नसती.

‘उन मोमेन्तो’ : एक मिनिट.

‘नो एन्तिएन्दो’ : मला कळलं नाही.

‘मास देस्पासिओ, पोर फाबोर’ : जरा सावकाश बोला, कृपा करून.

‘प्रेगुन्ता आ मि इखा’ : माझ्या लेकीला विचार.

हे चौथं वाक्य मी आरशासमोर उभी राहून कितीदा म्हटलं, ते माझं मला माहीत.

ती संधी लवकरच आली. तिसऱ्या आठवड्यात विहीणबाई पुन्हा येऊ लागल्या होत्या, पण बोलणं बेताचंच. एक दिवस मी चहा ठेवला आणि त्यांना समोर बसवून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “पेर्दोन. दिखे के सी, सिन एन्तेन्देर.” माफ करा. न समजता हो म्हटलं मी.

त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग खो खो हसायला लागल्या आणि स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, “यो ताम्बिएन!” मीसुद्धा! लेकीनं मध्ये पडून उलगडा केला. मी रोज डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे करून, ‘हे बाळंतिणीसाठी आहेत, तुम्ही एक चाखून बघा’ असं मराठीत सांगत असे. त्या न समजता ‘सी, सी’ म्हणत आणि दोन-तीन संपवत. त्यांना वाटे, नको म्हटलं तर मला वाईट वाटेल. डबा दर चार दिवसांनी रिकामा का होतो, याचं कोडं मला तेव्हा सुटलं!

त्या दिवसापासून आम्हा दोघींत एक नियम ठरला. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायचं नाही. ‘सी’ म्हटलं की दुसरीनं विचारायचं, “सेगुरा?” नक्की? मग दोघी हसत असू.

स्पॅनिशमध्ये विहिणीला ‘कोन्सुएग्रा’ असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीत या नात्याला सरळ असा शब्द नाही. ज्या भाषेत विहिणीला शब्द आहे, तिथं विहिणीचा मानही असणारच, नाही का?

जितके देश तितके होकार

स्पॅनिश ही काही एकट्या स्पेनची भाषा नाही. वीस देशांत ती राज्यकारभाराची भाषा आहे. तुमची मुलं कुठं आहेत, त्यावर शब्द बदलतात. ‘बाले’ हा मुख्यतः स्पेनचा. इतर ठिकाणी समजतो, पण आपला वाटत नाही.

अर्जेंटिनात त्याच्या जागी ‘दाले’. शब्दशः ‘दे त्याला’, अर्थ ‘चालेल, होऊन जाऊ दे’.

कोलंबियात ‘लिस्तो’. शब्दशः ‘तयार’.

मेक्सिकोत ‘ओराले’ आणि ‘साले’. हो, हो, ‘साले’च! तिथं त्याचा अर्थ ‘ठरलं’. तुमच्या सूनबाईंच्या तोंडून तो ऐकलात तर रागावू नका. मेक्सिकोतच ‘के पाद्रे!’ म्हणजे ‘काय झकास!’ शब्दशः मात्र ‘काय बाप!’ आपल्याकडचीही हल्लीची मुलं ‘बाप काम!’ म्हणतातच.

कोस्टा रिकात ‘पुरा बीदा’. शब्दशः ‘निर्मळ जीवन’. कसं काय, छान, ठीक, निघते, सगळ्याला तेच.

व्हेनेझुएला, कोलंबिया, पेरू या बाजूला ‘चेबेरे’, म्हणजे छान, मस्त.

आणि सगळीकडे चालणारा एक : ‘ओखाला’. ‘तसंच होवो, देव करो.’ अरबी बोलणाऱ्यांचं राज्य स्पेनच्या भूमीवर शेकडो वर्षं होतं. त्यांच्या ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ या बोलण्यातून तो आला. बारशाच्या आशीर्वादाला याहून चांगला शब्द नाही.

उच्चाराची भीती नको

मराठी जिभेला स्पॅनिश फार परकी नाही. आ, ए, ई, ओ, ऊ हे पाच स्वर आपल्यासारखेच स्वच्छ. त आणि द दातांवरचे, इंग्रजीतल्यासारखे ट-ड नव्हेत. ‘प’चा ‘फ’ होत नाही. ‘व’ आणि ‘ब’ यांत ते फरक करत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ आणि दोन स्वरांमध्ये ‘व’कडे झुकणारा मऊ ‘ब’. स्पेनमध्ये ‘राथोन’ तर अमेरिकेकडच्या देशांत ‘रासोन’. दोन्ही बरोबर. तुमच्या नातवंडांकडे जे बोलतात ते धरा. ‘देस्पासिओ’सुद्धा स्पेनमध्ये ‘देस्पाथिओ’ होतं. मी ‘स’नं म्हणे, कोणाचं काही अडलं नाही.

शिवाय स्पॅनिश ही पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीज आपल्या घरात केव्हाचीच राहते आहे. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी निखळली तेव्हा जावई म्हणाला, “बिसाग्रा!” ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. आपला महिन्याचा पगार तिकडचाच पाहुणा.

घरच्या घरी सराव

१. एक छोटी वही करा. पानावर चार रकाने आखा : ऐकलं, पटलं, कबूल, आवडलं. रोज दोनच शब्द. महिन्यात साठ होतात. तेवढे पुष्कळ.

२. शब्द एकटा पाठ करू नका, प्रसंगासकट करा. कुकरची शिट्टी झाली, ‘एचो!’ आमटी चाखली, ‘के रीको!’ घरचे हसतील. हसू द्या.

३. मुलांशी फोनवर बोलताना पहिली पाच मिनिटं स्पॅनिशची. नातवंडं असतील तर तीच उत्तम मास्तर. चूक काढताना ती मुळीच भीड ठेवत नाहीत.

४. बाजारात एकटं जा. व्हॅलेन्सियाचा मध्यवर्ती बाजार 1928 साली सुरू झालेला, देखणा, उंच घुमटाचा. तिथं मासळीच्या गाळ्यासमोर उभं राहून मी पहिल्यांदा एकटीनं सौदा केला. कोळीण म्हणाली ती किंमत जास्त वाटली, तेव्हा मान न डोलवता ‘नो, ग्रासियास’ म्हटलं. साठीत पहिल्यांदा ‘नो’ इतकं सहज तोंडातून निघालं!

५. आणि वहीच्या शेवटच्या पानावर ती चार थांबण्याची वाक्यं लाल शाईनं लिहा. ती आधी पाठ करा, बाकीचं मागाहून.

परतीच्या दिवशी विहीणबाई विमानतळावर आल्या होत्या. त्यांनी मला ओर्चाताच्या भुकटीचं पाकीट दिलं. मी त्यांना लाडवांची कृती स्पॅनिशमध्ये लिहून दिली, डिंक नीट फुलवून घ्यायच्या सूचनेसकट.

बाळी पाच महिन्यांची झाली, लसी झाल्या, तेव्हा एका रविवारी व्हिडिओवर फोन आला. पडद्यावर सगळे गोळा झाले होते. विहीणबाईंच्या हातात तीच मोत्यांची डबी. लेक म्हणाली, “आई, आम्ही दोघांनी ठरवलंय. उद्या कान टोचतोय. आज्यांचं काय म्हणणं आहे?”

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आधी लेकीला विचारलं, “सेगुरा?”

“सेगुरा, आई.”

“मग मे पारेथे बिएन,” मी म्हटलं. मला पसंत आहे.

काय मैत्रिणींनो, काढताय ना वही? बाले?